रायझन २६०० प्रोसेसर काढून ५७००एक्स टाकू का? काम: अल्बम डिझाइन + लग्नाचे व्हिडिओ

कराडचा_अल्बमवाला

नमस्कार मंडळी. कराडजवळ माझा छोटा स्टुडिओ आहे. स्वतःच्या ऑर्डरी असतातच, शिवाय आसपासच्या फोटोग्राफरांचे अल्बमही डिझाइन करून देतो. सगळा कारभार एकाच पीसीवर. सध्या पौष चालू आहे, लग्नं नाहीत, म्हणून हा विषय आत्ताच उरकायचाय. माघ लागला की जेवायला बसायचीही कुणीतरी आठवण करून द्यावी लागते.

मशीन असं: रायझन ५ २६००, बी४५० चा बोर्ड (रॅमच्या चार जागा, दोन रिकाम्या), १६ जीबी डीडीआर४ म्हणजे ८ च्या दोन स्टिक, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, २४० जीबीची साटा एसएसडी आणि २ टीबीची हार्डडिस्क. विंडोज १० अजून तसंच.

त्रास दोन आहेत. बारा बाय छत्तीसच्या शीटवर काम करताना ब्रश ओढला की रेघ मागून येते, आणि दोन-तीन शीट उघड्या असल्या की सेव्ह करताना मी चहा करून येतो. दुसरं म्हणजे, ज्याच्यासोबत व्हिडिओचं काम करतो त्याने यंदा नवा कॅमेरा घेतला. त्याच्या क्लिपा प्रीमियरमध्ये टाकल्या की वरमाला कधी पडली ते आवाजावरून ओळखायचं, चित्र पुढे सरकतच नाही.

दुकानदाराचं म्हणणं, ५७००एक्स टाका, १३-१४ हजारांत काम होईल. नाहीतर एएम५ या नव्या सॉकेटवर (प्रोसेसर बसायची जागा) जा, म्हणजे प्रोसेसर, बोर्ड, डीडीआर५ रॅम सगळं नवीन, आणि हा आकडा साठ हजारांच्या पुढे जातो. वर असंही म्हणाला की तुमच्या प्रोसेसरवर विंडोज ११ चालणारच नाही, तेव्हा बदलावा तर लागेलच.

हिशेब बायकोकडे असतो. ती म्हणते, गेल्या सीझनची बाकी आधी वसूल करा, मग प्रोसेसरचं बघू. तुम्ही सांगा.

बायोस_काका

थांबा जरा, पैसे खिशातच ठेवा.

आधी विंडोजचं निस्तरतो. दुकानदार चुकीचं सांगतोय. मायक्रोसॉफ्टच्या यादीत रायझन २००० मालिका आहे, २६०० वर विंडोज ११ अधिकृतपणे चालतं. पहिल्या १००० मालिकेला नाही, बहुतेक त्यात गल्लत झाली असावी. फक्त बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एफटीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन सोयी चालू कराव्या लागतील. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे तेवढं मात्र लांबवू नका. ते फुकटात होतंय.

आता मुख्य प्रश्न. मशीन हळू आहे हे कळलं, पण कशासाठी थांबतंय ते कळलं नाही. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सचा टॅब लावा आणि नेहमीचं काम करत राहा. सीपीयू, मेमरी आणि प्रत्येक डिस्क किती टक्क्यांवर जाते ते लिहून काढा. फोटोशॉपमध्ये खाली डाव्या कोपऱ्यात जिथे डॉक्युमेंटचा साइझ दिसतो, त्याशेजारच्या बाणावर क्लिक करून एफिशियन्सी निवडा. तो आकडा १०० च्या खाली गेला की समजायचं, रॅम पुरत नाही आणि फोटोशॉप डिस्कवर लिहीत बसलंय.

गेमर_सांगली

काका कशाला खोलात शिरताय. भाऊ, २०१८ चा प्रोसेसर आहे तो. उचला आणि एएम५ घ्या, पुढची पाच वर्षं बघायला नको. तुमचं एएम४ म्हणजे आता संपलेलं सॉकेट.

कराडचा_अल्बमवाला

गेमरभाऊ, अल्बमचा दर काय चाललाय ते एकदा कराडात येऊन बघा, मग एएम५ बोला.

काका, तुम्ही सांगितलं तसं केलं. नेहमीसारख्या तीन शीट उघड्या ठेवल्या, एक हळदीची, दोन रिसेप्शनच्या. सीपीयू १५-२० टक्क्यांवर रेंगाळतोय. मेमरी ९५ च्या वर. आणि डी ड्राइव्ह, म्हणजे हार्डडिस्क, सतत १००. एफिशियन्सी ६० च्या आसपास, सेव्ह करताना अजून खाली. स्क्रॅच डिस्क, म्हणजे रॅम संपली की फोटोशॉप जिथे लिहितं ती, कुठे आहे ते बघितलं तर डी वरच. सी वर जागाच नाही.

व्हिडिओत उलटं आहे. क्लिप चालवली की सीपीयू १००, मेमरी निवांत. जीपीयूच्या पानावर व्हिडिओ डिकोड म्हणून आलेख असतो, तो जमिनीला चिकटलेला. गंमत म्हणजे माझ्या जुन्या कॅमेऱ्याची क्लिप टाकली की तोच आलेख उठून उभा राहतो आणि सगळं सुरळीत चालतं.

बायोस_काका

झालं की मग. हे दोन वेगळे आजार आहेत.

अल्बमचा हिशेब करू. १२ बाय ३६ इंच, ३०० डीपीआय, म्हणजे ३६०० गुणिले १०८०० पिक्सेल. जवळजवळ ३ कोटी ८९ लाख. प्रत्येकाला तीन बाइट धरले तर एक पूर्ण लेयर साधारण ११७ एमबीचा. तुम्ही लोक बॅकग्राउंड, मास्क, फुलं, चमचम असं वीस-पंचवीस लेयर सहज रचता, वर हिस्टरीच्या पायऱ्या. एक शीट दोन-तीन जीबी खाते. तीन शीट, विंडोज आणि ब्राउझर मिळून १६ जीबीचा निकाल लागला. उरलेलं सगळं हार्डडिस्कवर जातं, आणि ती सेकंदाला दीडशे एमबी लिहिताना धापा टाकते, तेही सलग लिहायचं असेल तर. यात प्रोसेसरचा काय दोष? २० टक्क्यांवर बसून तो तिची वाट बघतोय. तिथे ५७००एक्स बसवला तर तो १० टक्क्यांवर बसून वाट बघेल.

तुमच्या बोर्डावर एम.२ ची जागा असणार. त्यात ५०० जीबीची एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान एसएसडी) टाका आणि स्क्रॅच तिच्यावर वळवा. बी४५० वर पीसीआयई ३.० आहे, म्हणजे साडेतीन हजार एमबीपर्यंत वेग मिळतो. सोबत ८ च्या अजून दोन स्टिक घाला, ३२ होतील. २६०० चा मेमरी कंट्रोलर चार स्टिकांना जरा कुरकुरतो, तेव्हा वेग २६६६ किंवा २४०० वर आणावा लागला तर आणा, अल्बमला फरक जाणवणार नाही.

टाइमलाइन_ताई

व्हिडिओचं मी सांगते, नाशिकला माझं हेच काम आहे. दादा, तुमच्या मित्राचा नवा कॅमेरा बहुतेक एच.२६५ (फाइल दाबून लहान करायची पद्धत), ४:२:२ (रंगाची जास्त माहिती ठेवणारा प्रकार), १० बिट शूट करतोय. तुमच्या १६५० ला एच.२६५ उलगडता येतं, पण ४:२:२ येत नाही. म्हणून तो आलेख झोपलेला आणि सगळा भार सीपीयूवर. एनव्हिडियाने ही सोय थेट आरटीएक्स ५० मालिकेत दिली. इंटेलच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला मात्र ती ११ व्या पिढीपासून आहे, फक्त नावामागे एफ असलेला घ्यायचा नाही, त्यात ग्राफिक्स बंद असतं.

म्हणजे ५७००एक्स ने सुधारेल, पण प्रकृती तीच राहील. आठ कोर आहेत, ढकलत नेईल. दोन कॅमेरे आणि वर कलर लावला की पुन्हा अडखळणार.

तुम्ही डीडीआर४ रॅम घेणारच असाल तर तिसरा रस्ताही आहे: आय५ १२४०० आणि डीडीआर४ चा बी६६० किंवा बी७६० बोर्ड. १२ ते १४ व्या पिढीचे बोर्ड दोन्ही प्रकारच्या रॅमचे मिळतात. रॅम, एनव्हीएमई, कॅबिनेट, ग्राफिक्स कार्ड सगळं तेच राहतं.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय: प्रॉक्सी, म्हणजे क्लिपांच्या हलक्या नकला. प्रीमियरमध्ये इन्जेस्टला क्रिएट प्रॉक्सीज निवडा, रात्री लावून झोपा. सकाळी हलक्या क्लिपांवर एडिट करा, एक्सपोर्टला मूळ फाइल आपोआप लागते. मित्राला विचारा, कॅमेऱ्यात ४:२:० १० बिट असा, रंगाची माहिती कमी ठेवणारा पर्याय आहे का. लग्नाच्या हॉलमधल्या पिवळ्या दिव्यांखाली ४:२:२ चा फरक नवरीच्या मामालाही दिसत नाही.

बायोस_काका

ताईंशी सहमत, एक सोडून. १२४०० सहा कोरांचा आहे, ५७००एक्स आठ कोरांचा. मूळ फाइल ४:२:२ नसेल तर शेवटच्या रेंडरला ५७००एक्स चांगला पळतो, आणि बोर्ड बदलायची कटकट नाही. २६०० ची पिढी झेन+, ५७००एक्स ची झेन ३. तेवढ्याच गिगाहर्ट्झवर झेन+ पेक्षा झेन २ मध्ये १५ टक्के आणि तिथून झेन ३ मध्ये १९ टक्के जास्त काम, हे एएमडीचेच दावे, शिवाय बूस्ट ३.९ वरून ४.६ गिगाहर्ट्झ. एका कोरचा वेग दीडपटीच्या वर जातो. ही काही थोडीथोडकी गोष्ट नाही. दोन्ही ६५ वॉटचे, तुमचा पॉवर सप्लाय बदलायला नको.

फक्त ५७००एक्स च्या खोक्यात पंखा येत नाही. २६०० सोबतचा छोटा पंखा बसेल, पण कराडचा उन्हाळा लक्षात घेता टॉवरवाला घ्या.

कराडचा_अल्बमवाला

दोघांचेही आभार. मित्राला फोन केला, ४:२:२ च निघालं. तो म्हणतो, दुकानात लावून दिलं तसंच चालवतोय, बदलून बघतो.

मला एवढं कळलं की रॅम आणि एनव्हीएमई कुठल्याही रस्त्याने गेलो तरी सोबत येणार, तर ते या आठवड्यात घेतो. व्हिडिओ या सीझनला प्रॉक्सीवर काढतो. प्रोसेसर आत्ता नाही. यंदा (२०२६) अधिक ज्येष्ठ आहे, त्या महिन्यात कुणी लग्न काढत नाही, मशीन उघडून बसायला तोच वेळ. तोवर ४:२:२ चं काम किती येतं ते बघून ५७००एक्स की १२४०० ते ठरवेन. बायकोला हे वाचून दाखवलं, तिने एनव्हीएमई मंजूर केली, रॅमवर अजून विचार चालू आहे.

५७००एक्स ठरलाच तर घरी बसवता येईल का?

बायोस_काका

येईल. पण क्रम पाळा. जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायोस नवीन करायचा, ५००० मालिकेला चालणारा. आधी नवा प्रोसेसर बसवला तर स्क्रीनच येणार नाही, मग दुकानाच्या पायऱ्या. बोर्डाच्या पानावर त्या बायोसची टीप नीट वाचा, आणि हे काम यूपीएसवर करा. वीज मधेच गेली तर बोर्ड गेला.

दुसरं, एएम४ चे पिन प्रोसेसरच्या पोटाला असतात, बोर्डाला नाही. प्रोसेसर आणि पंख्यामधली इतक्या वर्षांची पेस्ट वाळून दगड झालेली असते. पंखा सरळ वर ओढला की खटका बंद असूनही प्रोसेसर पंख्याला चिकटून बाहेर येतो आणि पिन वाकतात. म्हणून आधी अर्धा तास काहीतरी जड काम चालवा, पेस्ट गरम होऊ द्या. मग मशीन बंद, प्लग काढा, कॅबिनेट आडवं झोपवा, चारही स्क्रू थोडे थोडे आळीपाळीने सैल करा आणि पंखा उचलायच्या आधी डावीकडे-उजवीकडे हळूच पिळा. सुटल्याचं हाताला कळतं. बोर्डामागची लोखंडी पट्टी त्याच स्क्रूंवर धरलेली असते, ती सरकते, मागून हात लावून ठेवा.

कराडचा_अल्बमवाला

लिहून घेतलं. सातारा-सांगली भागात कुणाकडे ८ जीबीच्या डीडीआर४ स्टिक पडून असतील तर सांगा. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे चढलेत की नव्याची मंजुरी मिळेलसं वाटत नाही. दोन्ही एकाच कंपनीच्या असल्या तर बरं, लॅपटॉपच्या नकोत. येऊन घेऊन जाईन.