मुंबईच्या फुल मॅरेथॉनसाठी कोणता प्लॅन धरावा?

माहुलीकर
नमस्कार मंडळी. साताऱ्यात शाळेत शिकवतो, वय ४३. सातारा हिल हाफ (घाटातली २१ किमीची शर्यत) पळून झाली आहे, आता जानेवारीत मुंबईची फुल, म्हणजे ४२ किमी, करायची आहे. सध्या आठवड्यातून चार दिवस पळतो, ३० किमीच्या आसपास होतात. नेटवर बारा, सोळा, अठरा आठवड्यांचे प्लॅन सापडले, सगळे मैलांत. एक मित्र म्हणतो, सहा दिवस पळल्याशिवाय फुल होत नाही. त्यात शनिवारी माझी सकाळची शाळा, आणि मला आवडलेल्या प्लॅनमध्ये लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सगळ्यात लांब पळणं, नेमका शनिवारी. काय करू?

नगरचा रनर
रनिंगच्या स्मार्ट घड्याळातला प्लॅन लावा. आपल्या पेसप्रमाणे (किलोमीटरमागे लागणाऱ्या वेळेप्रमाणे) तो स्वतःच बदलत जातो. माझी हाफ त्यावरच झाली.

येऊरची वाट
सर, घड्याळाचा प्लॅन वाईट नाही, पण पहिल्या फुलला मी तो सुचवणार नाही. सप्टेंबरात बसून डिसेंबरचे रविवार डोळ्यांसमोर दिसले पाहिजेत, म्हणजे लग्नकार्य, परीक्षा, पाहुणे सगळं आधीच धरता येतं. मी अख्खा प्लॅन कालनिर्णयवर पेन्सिलने लिहून काढते.

तुम्ही अमेरिकन धावपटू-लेखक हॅल हिग्डन यांचा नवशिक्यांसाठीचा पहिला प्लॅन घ्या. अठरा आठवडे, चारच दिवस पळणं. मुंबईची शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे मागे मोजलं की सुरुवात सप्टेंबरच्या मध्यावर येते. लाँग रन किलोमीटरमध्ये साधारण असे: १०, ११, ८, १४, १६, ११, १९, २१, १६, २४, २६, १९, २९, २३, ३२, मग उतरते १९ आणि १३, आणि शर्यत. बाराव्या आठवड्यापर्यंत दर तिसऱ्या आठवड्याला आकडा खाली येतो ते बघा. तो आठवडा 'मला जमतंय' म्हणून वाढवायचा नाही, पाय त्याच आठवड्यात सावरतात.

तुमच्या मित्राच्या डोक्यात बहुधा हॅन्सन पद्धत असावी. तिथे सहा दिवस पळतात आणि लाँग रन २६ किमीच्या पुढे सहसा नेत नाहीत, कारण आठवड्याची बेरीजच ८०-९० पर्यंत जाते. पद्धत पक्की आहे, पण ३० किमीवरून तिथे उडी मारली तर नडगी आणि टाचा आधी बोलतील.

शनिवारचा प्रश्न सोपा आहे. लाँग रन रविवारी घ्या, शनिवारी शाळा आणि विश्रांती. त्या प्लॅनमध्ये रविवारी पोहणं किंवा सायकल असते, ती सोमवारी हलकी करा नाहीतर सोडून द्या.

आता पेस, कारण बहुतेकांचं इथेच बिघडतं. लाँग रन मॅरेथॉनच्या पेसपेक्षा किलोमीटरमागे अर्धा-पाऊण मिनिट हळू हवा. माझी परीक्षा अशी: पळताना सतराचा पाढा मोठ्याने, मध्ये न थांबता म्हणता आला पाहिजे. नाही आला तर वेग कमी. ऑक्टोबरच्या उन्हात तर आणखी हळू, आणि पाचच्या आत घराबाहेर.

एक गोष्ट खास सातारकरांसाठी. घाट तुमच्या पायात आहे, त्यामुळे ३५ किमीनंतर परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ आला तरी तुम्ही घाबरणार नाही. पण मुंबईचा बाकी रस्ता सपाट आहे, तेच स्नायू तासन् तास तसेच वापरले जातात. म्हणून लाँग रन घाटात नको. शिवाय जानेवारीतही समुद्राची दमट हवा असते, साताऱ्याच्या कोरड्या थंडीत सराव झालेल्याला घाम जास्त येतो. २४ किमीच्या रनपासूनच ओआरएस आणि खाणं सोबत ठेवायची सवय लावा. मी मीठ लावलेला उकडलेला बटाटा आणि बी काढलेले खजूर नेते. शर्यतीच्या दिवशी नवं काही पोटात घालायचं नाही, बूटही जुनेच.

माहुलीकर
ताई, मनापासून आभार. आकडे वहीत उतरवून घेतले. दिवाळीत चार दिवस सासुरवाडीला असतो, तिथे पळणं अवघड. चुकलेले रन पुढच्या आठवड्यात जोडू का?

येऊरची वाट
मुळीच नको. मधल्या दिवसांचे रन गेले तर गेले. फक्त कमी किलोमीटरचा आठवडा दिवाळीवर येईल असं आत्ताच मागेपुढे करा. लाँग रन एखादा चुकला तर चालेल, लागोपाठ दोन नकोत. २९ आणि ३२ मात्र सांभाळा. ३२ चा रविवार २५ ते ३१ डिसेंबरमध्ये येतो, तेव्हा नाताळच्या सुट्टीत सहल ठरवत असाल तर घरी आधी बोलून घ्या.

कृष्णाकाठ
सर, मी वाईचा. माझी त्या दिवसांत हाफची तयारी चालू असेल. ३२ च्या रविवारी शेवटचे १६ किमी मी सोबत येतो. माहुलीकडचा रस्ता त्यातल्या त्यात सपाट आहे. वेळ आणि जागा कळवा, पाणी माझ्या गाडीत ठेवतो.