पहिल्या तुकडीतली इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार: नंबर लागलाय, घेऊ की मागे सरकू?

खडूची_गाडी
बुकिंगला चौदा महिने झाले. काल फोन आला, तुमची गाडी पहिल्या तुकडीत धरली आहे, सहा आठवड्यांत ताबा. नको असेल तर पुढच्या तुकडीत सरका, अनामत तशीच राहील.

चौदा महिने मी रोज ॲप उघडून एकच चित्र बघतोय. गाडी गोल फिरवता येते, दार उघडता येत नाही. गॅरेजच्या फरशीवर खडूने तिचं माप आखलंय, चालकाचं दार भिंतीला लागतं का ते बघायला. (लागतं. चार बोटं कमी पडतात.) चार्जर केव्हाच बसवला, आता त्यावर कोळ्याचं जाळं आहे. घरचे मला गुडघ्याला बाशिंग बांधलेला नवरा म्हणतात.

आणि आता नंबर लागल्यावर पोटात गोळा. अकरा वर्षं मी पेट्रोलची दोन सीटची गाडी चालवतोय, हाताने गिअर टाकायची. या गाडीची टेस्ट ड्राइव्ह वीस मिनिटांची झाली. पहिल्यांदा पाठ सीटला चिकटली तेव्हा मोठ्याने हसलो, चौथ्यांदा नाही हसलो. त्या रस्त्याला एक धड वळण नव्हतं.

ज्यांनी अशी गाडी सुरुवातीलाच घेतली त्यांनी सांगा: पहिल्या तुकडीचा त्रास किती? आणि मजा सहा महिन्यांनी उरते का? शून्य ते शंभरचे सेकंद मला पाठ आहेत, ते नका सांगू.

सावध_गडी
सरका मागे. टेस्लाची पहिली रोडस्टर आठवा. २००८ साली ज्यांना आधी गाड्या मिळाल्या, त्यांच्या गाड्या दुसऱ्या गिअरमध्येच अडकवून दिल्या होत्या, कारण दोन गिअरचा गिअरबॉक्स मोटरच्या टॉर्कपुढे (फिरवण्याच्या जोरापुढे) टिकत नव्हता. जाहिरातीतला पिकअप त्यांना सुरुवातीला मिळालाच नाही. पहिले ग्राहक म्हणजे पैसे देऊन चाचणी करणारे.

मुकी_मोटर
गोष्ट खरी, पण पुढची अर्धी राहिली. नंतर एकच गिअर आणि जास्त ताकदीचे इलेक्ट्रॉनिक्स आले आणि त्या पहिल्या गाड्यांनाही ते फुकट बसवून मिळाले. लॅपटॉपमध्ये असायचे तसले ६,८३१ सेल एकत्र बांधून केलेली गाडी होती ती. त्या लोकांनी धीर केला नसता तर आपण आज कशाची वाट बघत बसलो असतो?

माझी गाडीही पहिल्या तुकडीतली (कंपनी सांगत नाही). सोळा महिने, १९,००० किलोमीटर. आधी त्रास.

तिसऱ्या आठवड्यात गाडी उघडेना. खाली भली थोरली बॅटरी भरलेली, आणि दाराला वीज नाही! दारं, स्क्रीन, मोठ्या बॅटरीला जोडून घेणारे कॉन्टॅक्टर, सगळं १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर चालतं आणि तीच बसली होती. सॉफ्टवेअरच्या चुकीमुळे गाडी रात्री झोपतच नव्हती. त्यात मी तासातासाला ॲप उघडून तिला हलवून उठवत होतो. खडूवाले, तुमच्या सवयीबद्दल मला काळजी वाटते ती यासाठी. अपडेट आला, छोटी बॅटरी बदलून मिळाली, पुन्हा तसं झालं नाही.

दुसरी चूक माझी. रात्रभर शंभर टक्के चार्ज केली आणि सकाळी उतारावर पाय उचलला. रोज पाय उचलला की मोटर वीज बनवून बॅटरीत परत टाकते आणि गाडी आपोआप मंदावते, त्या दिवशी सुसाट. भरलेल्या बॅटरीत ती परत येणारी वीज टाकणार कुठे? ब्रेक होताच, पण पोटात धस्स झालं. आता रोज ऐंशी टक्के. मागचे टायर १५,०००ला संपले. स्टेपनी नाही, पंक्चर झालं तर फेस भरायची बाटली.

आता मजा. तो धक्का तीन आठवड्यांत जुना होतो, पाहुण्यांना दाखवण्यापुरता उरतो. उरलं ते वळण. पेट्रोलमध्ये वळणात पाय दाबला की आधी गिअर कोणता, इंजिन किती फिरतंय, मग उत्तर. इथे पाय तसूभर हलवला की गाडी तसूभर हलते. दुसरं म्हणजे आवाज. इंजिन नाही म्हणून काचा खाली करून चालवा: खडा चाकाच्या कमानीत टिचकतो तो ऐकू येतो, आणि पकड सुटायच्या आधी टायर कुरकुरायला लागतो तोही. मी वीस वर्षं गाड्या चालवतोय, टायर इतकं बोलतो हे मला माहीत नव्हतं. इंजिन त्याच्यावर ओरडत होतं.

वजन मात्र लपत नाही. एकामागून एक वळणं आली की नाक बाहेर पळतं, ब्रेक आधी लावायला शिका. ट्रॅकवर नेलीत तर काही फेऱ्यांनी बॅटरी तापते आणि गाडी स्वतःच ताकद कमी करते. गिअरची आठवण? महिनाभर माझा डावा पाय नसलेला क्लच दाबत होता. खोटा इंजिनाचा आवाज काढायचं बटण आहे, ते दोन दिवसांत बंद केलं.

धावपट्टी
मुकी_मोटर यांना +१. ताबा दिवसा उजेडी घ्या आणि कोरड्या गाडीचा घ्या, ओल्या रंगावर ओरखडे दिसत नाहीत. सही करायच्या आधी तिथेच एकदा चार्जिंग लावून बघा. आणि कागदावरची रेंज विसरा: ताशी ९०ऐवजी १२०ने गेलात की हवेचा विरोध पावणेदोनपट होतो. लांबच्या प्रवासात दहा ते ऐंशी टक्के भरा आणि निघा, शेवटचे वीस टक्के फार रेंगाळतात.

खडूची_गाडी
सगळ्यांचे आभार, सावध_गडी यांचेही. मागे सरकत नाही, आत्ताच कळवलं. टायरचं वाचल्यावर काल रात्री जुनी गाडी घेऊन बाहेर पडलो, काचा खाली करून. खरंच काही ऐकू येत नाही हो, नुसतं इंजिन.

ॲप दिवसातून एकदा. प्रयत्न करतो.

भिंतीचं तेवढं राहिलं.

मुकी_मोटर
उलटी घाला आत. चालकाचं दार मोकळ्या बाजूला येईल. फक्त चार्जिंगचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते आधी बघा.

खडूची_गाडी
बघितलं. भिंतीकडे.