मदत हवी आहे: मिरजेतली गुरुवारची प्रार्थना सभा फिरती करावी का?

जय ख्रिस्त. मिरजेत आमच्या घरी दर गुरुवारी संध्याकाळी प्रार्थना सभा असते. हल्ली बहुतेक वेळा मी, सासूबाई आणि शेजारच्या मावशी एवढ्याच उरतो. भांडण वगैरे काही नाही. कुपवाड एमआयडीसीतल्या शिफ्ट, पोरांचे क्लास, आणि खरं सांगायचं तर उत्साह ओसरलाय. माझाही. सतरंजी अंथरतानाच वाटतं, आज कोण येणार?

वेळ उशिराची करून पाहिली, व्हॉट्सअॅपवर आठवण दिली, घरोघरी जाऊन आले. ‘प्रार्थना करत राहा’ असं सगळेच सांगतात. ती चालूच आहे, मला हाताला काम हवंय. बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात यरुशलेमची भिंत बांधताना लोक खचले तेव्हा नहेम्याने त्यांना कुटुंबाकुटुंबाने भिंतीपाशी उभं केलं, आणि पुढे ५२ दिवसांत भिंत पुरी झाली. तशी सभाही घरोघरी वाटून द्यावी असं मनात आहे.

अडचणी: काहींची एकच खोली आहे, चहा-नाश्त्याचा बोजा कोणावर नको, आणि रविवारी उपासनेनंतर बरेचजण गावी जातात, त्यामुळे वार बदलता येणार नाही.

ज्यांनी फिरती सभा चालवली आहे त्यांनी सांगावं: घरच्यांकडे नेमकं काय सोपवता? शास्त्रवाचन, गाणी, की आजाऱ्यांच्या भेटी? आणि एखाद्या घराने पाळी चुकवली, तर त्या गुरुवारी काय करता?