शब्दचर्चा : धाप, दम आणि थकवा. कोरोनाच्या पहिल्या रुग्णांची लक्षणं मराठीत कशी लिहावीत?

मूळ प्रश्न

कोरोनाच्या अगदी सुरुवातीच्या रुग्णांवर मराठीत लिहिते आहे आणि लक्षणांच्या नावांपाशी अडले आहे. समोर वुहानच्या जिनयिनतान रुग्णालयातल्या पहिल्या ४१ रुग्णांचा अहवाल आहे, २४ जानेवारी २०२० रोजी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. ४० जणांना ताप, ३१ जणांना खोकला, १८ जणांना अंगदुखी किंवा थकवा. श्वासाच्या त्रासाची माहिती ४० जणांची होती, त्यांपैकी २२ जणांना तो झाला. डोकेदुखी आणि जुलाब फार थोड्यांना. आता श्वासाच्या त्रासाला ‘धाप लागणे’ म्हणू की ‘दम लागणे’? आणि ‘थकवा’ पुरेल की ‘अशक्तपणा’ लिहू?

प्रतिसाद

‘धाप लागणे’ लिहा. ‘दम लागणे’ चुकीचं नाही, पण वॉर्डात काम केलेल्या कुणालाही विचारा, ‘दम’ने फार घोटाळा होतो. पेशंट म्हणतो, “डॉक्टर, दमायला होतंय.” यात अंगात त्राण नाही हेही आलं आणि श्वास पुरत नाही हेही आलं. अहवालात हे दोन वेगळे रकाने आहेत आणि दोन्हींचं गांभीर्य अगदी वेगळं आहे. त्याच ४१ जणांच्या अहवालात ज्यांना धाप लागली, त्यांतल्या निम्म्यांना ती पहिल्या लक्षणापासून आठव्या दिवसापर्यंत लागली होती. म्हणजे दुसऱ्या दिवशीचं ‘दमायला होतं’ बहुधा तापाचं, पण आठवड्यानंतरचं तेच वाक्य ऐकून उठून बसायला हवं. तेव्हा पुढचा प्रश्न विचारावाच लागतो : जिना चढताना मधे थांबता का? मधे श्वास न घेता सलग एक वाक्य बोलता येतं का?

‘दमा’ हा शब्दही इथे आड येतो. “मला दमा नाही हो,” असं म्हणून माणसं दम लागल्याचंच नाकारतात.

प्रतिसाद

थकव्याबद्दल. ‘अशक्तपणा’ आजार उतरल्यावर राहतो, किंवा खाणंपिणं कमी असलं की येतो. आजार अंगावर असतानाचा तो थकवा. वुहानच्याच झोंगनान रुग्णालयातल्या १३८ रुग्णांपैकी ९६ जणांना थकवा होता, म्हणजे तापाखालोखाल तेच लक्षण. कोरडा खोकला त्याच्याही खाली, ८२ जणांना.

पहिल्या अहवालात अंगदुखी आणि थकवा एकाच ओळीत का घातलेत, असं तुम्हाला वाटलं असेल. आपल्याकडे आजी म्हणते, “अंग मोडून आलंय.” त्यात दोन्ही आहेत. ‘कसकस’मध्येही दुखणं आणि बारीक ताप एकत्र येतात. लेखात हे शब्द जरूर वापरा, रुग्ण याच शब्दांत सांगतो. फक्त आकड्यांच्या तक्त्यात ‘अंगदुखी किंवा थकवा’ असंच ठेवा.

प्रतिसाद

तापाचा प्रश्न सोपा वाटतो, पण नाही. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस चीनमधल्या १,०९९ रुग्णांचा मोठा अभ्यास आला. दाखल होताना त्यांतल्या ४३.८ टक्के लोकांनाच ताप होता, रुग्णालयात असताना तो ८८.७ टक्क्यांवर गेला. म्हणून ‘जवळपास सगळ्यांना ताप होता’ एवढंच लिहू नका, कधी होता तेही लिहा. ताप तपासून माणसं आत सोडण्याची पद्धत किती अपुरी होती, हे त्या एका आकड्यात दिसतं. आणि आपल्या बोलण्यात ‘ताप’ म्हणजे अंग फणफणलं तरच. “ताप नाही, जरा कणकण आहे”, “थोडी कसर आहे” असं सांगणारा माणूस थर्मामीटरवर तापकरी निघू शकतो.

मूळ प्रश्नकर्ती

खूप उपयोग झाला. ‘धाप’ ठरलं. कोरड्या खोकल्याला ‘ढास’ चालेल का? आणि वास-चव या पहिल्या यादीत दिसत नाही, ते बरोबर ना?

प्रतिसाद

बरोबर. वुहानच्या त्या पहिल्या तक्त्यात वास-चवीची ओळच नाही. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ही दोन लक्षणं यादीत घेतली ती जून २०२० मध्ये. पण ‘तोंडाला चव नाही’ लिहू नका. कुठल्याही तापात आपण तसं म्हणतो आणि त्याचा अर्थ खावंसं वाटत नाही, एवढाच असतो. ‘मीठ-साखरेची चव कळत नाही’ असं लिहा.

‘ढास’ सतत घशाशी खवखवून येणाऱ्या खोकल्याला म्हणतात. शब्द सुरेख आहे, पण शहरातल्या तरुण वाचकाला कदाचित लागणार नाही, तेव्हा ‘कोरडा खोकला’ बरा.

एक राहिलं. धाप हे लक्षण, म्हणजे रुग्णाला स्वतःला जाणवतं ते. रक्तातला ऑक्सिजन उतरणं हे मोजून कळतं. काही रुग्णांचा ऑक्सिजन बराच खाली गेलेला असे आणि तरी ते खाटेवर बसून फोनवर बोलत असत, धाप नाही की घुसमट नाही. त्यामुळे २२ जणांना धाप लागली याचा अर्थ उरलेल्या १८ जणांचा ऑक्सिजन ठीक होता, असा वाचकाचा समज होणार नाही, अशी वाक्यरचना करा.