प्रतिसाद: ‘सॅक्रिफाइस’ पडलं होतं की गाजलं होतं?

वर दोघं भांडताय, एक म्हणतो पडलं, दुसरा म्हणतो गाजलं; पण दोघंही बरोबर आहात. ब्रिटिश गायक एल्टन जॉनचं हे गाणं 1989 मध्ये ब्रिटनमध्ये 55व्या क्रमांकाच्या पुढे सरकलं नाही. 1990 मध्ये रेडिओवर निवेदक स्टीव्ह राइटने ते लावून धरलं, त्याच्याच ‘हीलिंग हँड्स’ गाण्यासोबत पुन्हा निघालं आणि पाच आठवडे अव्वल राहिलं. तिथलं त्याचं एकट्याचं हे पहिलंच नंबर वन. त्याआधीचं 1976चं नंबर वन म्हणजे गायिका किकी डीसोबतचं युगलगीत होतं.

आता देशपांडे सभागृहातल्या कराओकेसाठी ट्रॅकची पट्टी खाली उतरवायचा प्रश्न. ॲपवर दोन सुरांपर्यंत उतरवा, चालतं. तीन-चार उतरवले की कीबोर्ड पाण्यात बुडाल्यासारखा वाजतो आणि झांजा फाटतात. त्यापेक्षा हव्या पट्टीतला तयार ट्रॅकच घ्या. ब्लूटूथ तर नकोच बाप्पा! आवाज पोचायला सेकंदाचा दहावा-पाचवा भाग उशीर होतो. फोनपासून मिक्सरपर्यंत सरळ वायर टाका.

इकोचं बटण मात्र आपल्याकडे सगळेच पिळतात. इथे ओळीचा शेवटचा स्वर लांबतो, त्यावर इको चढला की पुढचा शब्द चिखलात. सभागृह मुळातच घुमतं, निम्म्याहून कमी ठेवा.

घरी मे महिन्यात सराव करताना कुलरकडे माइकची पाठ ठेवा, तोंडापासून दोन बोटांवर धरा. मिक्सरवरचा लो-कट (खालचे जाड आवाज कापणारं बटण) दाबला तर घरघर जाते, पंख्याचा सूंऽऽ आवाज राहतोच.