यंत्रमागाच्या मोटरला व्होल्ट भागिले अँपिअर लावू नका

एका पोस्टमध्ये असा सल्ला वाचला की कुठल्याही विजेच्या वस्तूसाठी मीटरवर व्होल्टेज आणि करंट बघायचा, भागाकार केला की रेझिस्टन्स, गुणाकार केला की वॅट. गीझर, इस्त्री, शेगडीसाठी हे अगदी बरोबर आहे. २३० व्होल्टला २००० वॅटची कॉइल साधारण ८.७ अँपिअर घेते, म्हणजे २६.५ ओहम. पण त्यात तोच हिशोब मागाच्या मोटरला लावलाय, तो पटत नाही.

आमचे सोलापुरात पूर्व भागात टॉवेलचे माग आहेत, १ एचपीच्या थ्री फेज मोटरवर. टाँग टेस्टर (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा मीटर) लावला तर भरलेल्या मागावर ४१५ व्होल्टला १.८ अँपिअरच्या आसपास दिसतो. ४१५ भागिले १.८ म्हणजे २३० ओहम. मोटर बंद करून, सप्लाय काढून दोन टर्मिनलमध्ये मल्टिमीटर धरला तर जेमतेम १८! तो २३० चा आकडा वाइंडिंगचा, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या वेटोळ्यांचा, रेझिस्टन्स नाहीच. एसीवर वाइंडिंगचा चुंबकीय विरोध आणि रोटरचा, म्हणजे मोटरच्या आतल्या फिरत्या भागाचा, परिणामही त्यात येतो. म्हणून तर सुरू होताना, रोटर थांबलेला असताना, करंट पाच-सहा पट उसळतो.

वॅट काढताना १.७३२ × ४१५ × १.८ (थ्री फेजला १.७३२ ने गुणतात) केलं की १२९४ येतात, पण ते व्होल्ट-अँपिअर. पॉवर फॅक्टर (व्होल्ट-अँपिअरपैकी खऱ्या वॅटचा हिस्सा) ०.७५ धरला तर खरे वॅट ९७० च्या आसपास. पट्टा काढून मोटर मोकळी फिरवली तेव्हाही १.१ अँपिअर दिसत होता, मीटरवरचे युनिट मात्र अगदी हळू सरकत होते. मोकळ्या मोटरचा पॉवर फॅक्टर फार खाली जातो, ०.२ च्या आसपास. नुसत्या अँपिअरवरून बिलाचा अंदाज बांधणाऱ्या मागवाल्यांनी हे जरूर तपासून बघावं.