पहिल्या ट्रायथलॉनची तयारी: वेगवेगळ्या वेगाच्या नवशिक्यांनी एकत्र सराव कसा करावा?

प्रश्न

नमस्कार. आम्ही पाच जण पहिल्यावहिल्या ट्रायथलॉनची तयारी करीत आहोत. स्पर्धा स्प्रिंट अंतराची, म्हणजे ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे अशी असून ती सुमारे तीन महिन्यांवर आली आहे. आमच्यापैकी दोघे नियमित धावणारे आहेत, एक जण बरीच वर्षे सायकल चालवतो, मी लहानपणापासून पोहते, आणि पाचवी मैत्रीण पोहायला अलीकडेच शिकली असून बाकीच्या दोन्ही प्रकारांतही नवीनच आहे.

सगळा सराव एकत्र करायचा, असे आम्ही सुरुवातीला मोठ्या उत्साहाने ठरवले होते. प्रत्यक्षात मात्र सायकलच्या दिवशी पुढचे दोघे थोड्याच वेळात दिसेनासे होतात. जलतरण तलावात मी मैत्रिणीसाठी थांबले तर माझा सराव होत नाही, आणि थांबले नाही तर ती कठड्याला धरून एकटीच उभी राहते. आमच्या व्हॉट्सॲप गटावर रोज प्रत्येकाचा वेग आणि अंतर टाकले जाते. अलीकडे ती त्यावर काही लिहीत नाही आणि सरावाला न येण्याची काही ना काही कारणे सांगू लागली आहे. तिने मध्येच सोडून देऊ नये असे आम्हा सर्वांना मनापासून वाटते, परंतु कोणी आपल्यासाठी दया म्हणून मागे थांबावे हेही तिला रुचत नाही, आणि ते मला अगदी रास्त वाटते.

अशा वेळी सराव एकत्र ठेवावा की ज्याने त्याने आपापला करावा? तिला खुल्या पाण्याची, म्हणजे नदी, तळे किंवा समुद्रात पोहण्याची जी भीती वाटते, ती घालवण्यासाठी आम्ही नेमके काय करू शकतो? स्पर्धेच्या दिवशी पाचही जणांनी सोबत राहून शेवटची रेषा हातात हात घालून ओलांडावी असा एक विचार आहे. तो व्यवहार्य आहे का?

प्रतिसाद १

तुम्ही सरावात अंतर वाटून घेत आहात. त्याऐवजी वेळ वाटून घेतली, तर तुमची निम्मी अडचण सुटेल असे मला वाटते.

सायकलचेच पाहा. एका सरळ आणि सुरक्षित रस्त्यावर सर्वांनी एकाच वेळी निघायचे, आपापल्या वेगाने ४० मिनिटे जायचे आणि ४० मिनिटे झाली की जो जिथे असेल तिथून त्याने मागे फिरायचे. वेगवान माणूस तोवर बराच पुढे गेलेला असतो, त्यामुळे परतताना तो सर्वांच्या मागे असतो. सर्वांनी आपापला वेग राखला, तर पाचही जण निघाल्या ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी पोहोचतात. यात कोणालाही कोणासाठी थांबावे लागत नाही. शिवाय परतीच्या वाटेवर तुमच्या मैत्रिणीची सायकल पंक्चर झाली, तर बाकीचे चौघे मागून तिच्याकडेच येत असतात; आज नेमके याच्या उलट घडते आणि ती एकटी मागे राहते. धावण्यालाही हीच रीत लागू पडते, फक्त वेळ कमी ठेवावी.

तलावात ‘दहा फेऱ्या’ असे न ठरवता ‘चार मिनिटे पोहणे, एक मिनिट विश्रांती’ असे ठरवा. त्या चार मिनिटांत तुम्ही आठ फेऱ्या मारल्या आणि तिने चार मारल्या, तरी विश्रांतीला दोघी एकाच कठड्याशी असाल आणि पुढची सुरुवातही एकत्रच कराल. तिला सलग चार मिनिटे जमत नसतील, तर तिने दोन मिनिटांनी कडेला यावे आणि पुढच्या सुरुवातीला पुन्हा सर्वांबरोबर निघावे. तिची पोहण्याची ढब तुम्ही स्वतः सुधारायला जाऊ नका. चांगले पोहता येणे आणि चांगले शिकवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही दिवस प्रशिक्षकाकडे गेल्यास तिचा बराच त्रास वाचेल.

व्हॉट्सॲप गटावर वेग टाकणे आजपासूनच बंद करा, हे मी आग्रहाने सांगतो. किती वेळ सराव केला आणि त्या वेळी पूर्ण वाक्य बोलता येत होते की नाही, एवढेच लिहा. नवशिक्याचा बहुतांश सराव बोलता येईल इतक्याच जोराने व्हायला हवा, त्यामुळे ही नोंद वेगाच्या आकड्यापेक्षा अधिक उपयोगी ठरते आणि तिच्यात कोणी पहिला किंवा शेवटचा राहत नाही.

प्रतिसाद २

वेळ वाटून घेण्याची वरील सूचना उत्तम आहे. मात्र सगळा सराव एकत्र करण्याचा हट्ट सोडावा असे मी सुचवेन. हलक्या सरावाच्या दिवशी चार जण सोबत धावू लागले की न ठरवताही वेग वाढतो, आणि ज्याला तो झेपत नाही त्याच्या पिंढऱ्या व गुडघे त्याची किंमत मोजतात. आठवड्यातून एकदा तलावावर आणि एकदा सुट्टीच्या दिवशी सायकल व धावण्याच्या जोडसरावाला एकत्र या. बाकीचे सराव प्रत्येकाने सवडीने करावेत.

जोडसरावाचे महत्त्व तुमच्या गटाला विशेष आहे. सायकलवरून उतरल्याबरोबर धावू लागले की पहिली काही मिनिटे पाय जड आणि परके वाटतात, आणि हा अनुभव नियमित धावणाऱ्यालाही नवाच असतो. म्हणजे ज्या बाबतीत तुम्ही पाचही जण खऱ्या अर्थाने नवशिके आहात, अशी ही जागा आहे. सायकलनंतर दहा-पंधरा मिनिटे धावणे पुरेसे आहे. अधिक धावून थकवा वाढवू नये.

दुसरी अशी जागा म्हणजे ट्रान्झिशन, अर्थात एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना होणारी बदलाबदल. एखाद्या मोकळ्या मैदानावर सायकली टेकवून तिची तालीम करा. हेल्मेट पट्टे बाहेरच्या बाजूला मोकळे सोडून हँडलवर उलटे ठेवायचे, मोजे आधीच अर्धे गुंडाळून बुटांत ठेवायचे आणि अंगावर बादलीभर पाणी ओतून घेऊन ओल्या पायांनीच सुरुवात करायची. ओल्या टाचेवरून मोजा चढवताना किती वेळ जातो हे घरात कोरड्या पायांनी कळत नाही. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, आणि परतल्यावर सायकल जागेवर अडकवल्याशिवाय तो सोडायचा नाही. ठरवून दिलेली रेषा ओलांडेपर्यंत सायकल हातात धरूनच न्यायची. या कामात वेगापेक्षा शिस्त लागते आणि तुमच्या मैत्रिणीने मन लावून तालीम केली, तर ती तुम्हा सर्वांच्या पुढे असेल. तसे झाले तर बाकीच्यांना तिने शिकवावे.

प्रतिसाद ३

स्पर्धेच्या दिवसाविषयी लिहितो, कारण त्याबाबत गैरसमज पुष्कळ असतात.

हातात हात घालून रेषा ओलांडण्याची कल्पना मनाला भावणारी असली, तरी जागतिक महासंघाच्या नियमांत ती बसत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये टोकियो येथे ऑलिंपिकची पूर्वचाचणी म्हणून झालेल्या स्पर्धेत ब्रिटनच्या जेस लर्मंथ आणि जॉर्जिया टेलर-ब्राउन या दोघी पहिल्या दोन क्रमांकांवर होत्या. त्यांनी हातात हात घालून एकत्र रेषा ओलांडली आणि मुद्दाम बरोबरी साधल्याच्या कारणावरून दोघीही बाद झाल्या; विजेतेपद बर्म्युडाच्या फ्लोरा डफी यांना मिळाले. हौशी स्पर्धांत आयोजक हा नियम किती काटेकोरपणे पाळतात हे आदल्या दिवशीच्या माहिती-बैठकीत विचारून घ्यावे.

एकमेकांना आधार देऊन पुढे नेण्याबद्दलही असेच आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये मेक्सिकोतील कोझुमेल येथे जॉनी ब्राउनली आघाडीवर असताना उष्म्याने अखेरच्या टप्प्यात लडखडू लागले, तेव्हा मागून आलेले त्यांचे थोरले बंधू ॲलिस्टर यांनी त्यांना खांदा देऊन शेवटपर्यंत आणले. तेव्हाच्या नियमांनुसार ते चालून गेले आणि जॉनी यांचा दुसरा क्रमांक कायम राहिला. पुढे नियम बदलला. आता दुसऱ्या स्पर्धकाला शारीरिक आधार देऊन पुढे नेल्यास दोघेही बाद होतात. त्यामुळे तुमच्यापैकी कोणी कोसळले, तर त्याच्याजवळ थांबावे आणि वैद्यकीय पथकाला बोलवावे. त्याला ओढत रेषेपर्यंत नेणे नियमाला धरून नाही, आणि उष्म्याने लडखडणाऱ्या माणसासाठी ते सुरक्षितही नाही.

सायकलच्या टप्प्यात बहुतेक हौशी स्पर्धांमध्ये दुसऱ्याच्या मागे चिकटून चालवायला मनाई असते. साधारण १० ते १२ मीटर अंतर राखावे लागते. पाच जण घोळक्याने गेलात, तर वेळेचा दंड होऊ शकतो. मात्र पाणी, खाण्याची वस्तू, हवेचा पंप किंवा ट्यूब एकमेकांना देता येते. पोहताना तर मित्राच्या पायांमागे राहून पोहण्यास पूर्ण मुभा आहे, आणि त्याने मागच्याचे श्रम खरोखरच कमी होतात. सोबत करायचीच असेल, तर ती पाण्यात करा.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गटावर वेग टाकणे थांबवण्याचे सर्वांनी मान्य केले आहे आणि या आठवड्यापासून ४० मिनिटांनी मागे फिरण्याची रीत सुरू करीत आहोत. हात धरून रेषा ओलांडण्याचा विचार सोडून दिला. जो आधी पोहोचेल त्याने रेषेपलीकडे उभे राहून शेवटच्या माणसापर्यंत थांबायचे असे ठरले आहे. मैत्रिणीला हा सगळा धागा वाचायला दिला. तलावात तिला आता फारशी अडचण वाटत नाही. मात्र तळ दिसत नाही अशा पाण्यात तोंड घातले की श्वास अडकतो, असे ती सांगते. याविषयी कोणी सविस्तर लिहिल्यास बरे होईल.

प्रतिसाद ४

तुमच्या मैत्रिणीला जे होते ते अनेकांना होते. गार पाण्यात अंग शिरले की श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो आणि धाप लागते. हा शरीराचा प्रतिक्षेप आहे आणि एक-दोन मिनिटांत तो ओसरतो. त्यामुळे पाण्यात उतरल्याबरोबर पोहायला सुरुवात न करता आधी कमरेइतक्या पाण्यात उभे राहून चेहरा आणि मान भिजवावी, मग तोंड पाण्यात घालून नुसते बुडबुडे सोडावेत. श्वास अडकल्यासारखा वाटतो तेव्हा पुष्कळदा छातीत हवा भरलेलीच असते, ती बाहेर सोडली गेलेली नसते. पूर्ण उच्छ्वास पाण्यात सोडण्याची सवय तलावातच जडवून घेतली पाहिजे.

त्यानंतर तिने उताणे तरंगणे शिकावे, आणि हे मी सर्वांत महत्त्वाचे मानते. पोहता पोहता उताणे व्हायचे, आभाळाकडे पाहत श्वास शांत करायचा आणि पुन्हा पालथे होऊन पोहायला लागायचे, एवढेच पुन्हा पुन्हा करावे. आपण हव्या त्या क्षणी थांबू शकतो याची खात्री पटली की तळ न दिसण्याची भीती बरीच कमी होते. स्पर्धेत कोणत्याही पद्धतीने पोहता येते, मध्येच तरंगता येते आणि जीवरक्षकाच्या नावेला धरून विश्रांतीही घेता येते. फक्त नावेचा आधार घेऊन पुढे सरकायचे नसते. हे तिला आधीच माहीत असू द्या. सुरुवातीच्या गर्दीत न शिरता तिने कडेला किंवा अगदी मागे उभे राहावे.

खुल्या पाण्यात एकट्याने कधीही उतरू नये, मग पोहणारा कितीही तरबेज असो. जिथे पोहण्याची परवानगी आणि जीवरक्षक आहेत अशीच जागा निवडा, ठळक रंगाची टोपी घाला आणि कमरेला बांधायचा तरंगता फुगा प्रत्येकाने वापरावा. सुरुवातीला काठाला समांतर, उभे राहता येईल इतक्या पाण्यातच पोहा. तुम्ही तिच्या बाजूला, तिला श्वास घेताना दिसाल अशा अंतरावर राहा. पुढे जाऊन तिची वाट पाहण्यापेक्षा याचा उपयोग अधिक होतो. काठावर एक माणूस थांबवा आणि त्याला फक्त टोप्या मोजण्याचे काम द्या. दर सहा-आठ हातांनी डोळे पाण्याबाहेर काढून समोरची मोठी खूण पाहण्याचा सरावही याच वेळी करून घ्या, कारण तलावासारखी तळाची रेषा इथे नसते.

भीती आणि आजार यांतला फरक मात्र सर्वांना कळायला हवा. तरंगून शांत झाल्यावर जी धाप उतरते ती बहुधा भीतीची असते. विश्रांती घेऊनही न उतरणारी धाप, छातीत दुखणे किंवा घरघर, सतत येणारा खोकला आणि थुंकीत गुलाबी फेस ही फुप्फुसांत पाणी साठल्याची किंवा हृदयाच्या त्रासाची लक्षणे असू शकतात. तसे दिसल्यास ताबडतोब हात उंच करून मदत मागावी, पाण्याबाहेर यावे आणि डॉक्टरांकडे जावे. ट्रायथलॉनमधील मृत्यूंपैकी बहुसंख्य पोहण्याच्या टप्प्यातच झालेले आहेत. म्हणून स्पर्धेआधी पाचही जणांनी, विशेषतः ज्यांच्या घरात हृदयविकार आहे त्यांनी, वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

पहिल्या दिवशी तिने पाण्यात फक्त उभे राहून बुडबुडे सोडले आणि ती बाहेर आली, तरी तो सराव पूर्ण झाला असे समजा आणि गटावर तशीच नोंद करा.